काचेतली पातळी

गारखेड्यातलं घर बांधून झालं, वास्तुशांत झाली, आणि बद्रीनाथनं भिंतीचं काम काढलं. भिंतीचं म्हणजे फोटोंचं. बैठकीच्या खोलीतली समोरची भिंत त्यानं मुद्दाम मोकळी ठेवली होती. इतकी वर्षं पत्र्याच्या ट्रंकेत पडून असलेली घरची माणसं एकदाची तिच्यावर आणायची होती. बद्री भूजल खात्यात ड्राफ्ट्समन. असा माणूस खिळासुद्धा आधी कागदावर ठोकतो. शहागंजातल्या मजीदभाईकडून त्यानं तेरा तसबिरी मढवून आणल्या, प्रत्येकीच्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा कापला, ओळंबा सोडला, आणि ते तुकडे भिंतीवर चिकटवून आठ दिवस नुसता बघत बसला.

"एवढ्या दिवसांत लोक लग्नं जमवतात," त्याची बायको आशा म्हणाली.

तिढा एकाच तसबिरीचा होता. डावीकडं हार घातलेले, म्हणजे गेलेले. उजवीकडं हयात. मग वडील, पुंजाराम, कुठं लावायचे? अठ्ठेचाळीस सालच्या पावसाळ्यात, निजामाच्या रझाकारांच्या धामधुमीत, पोलीस अॅक्शनच्या महिनाभर आधी, ते फर्दापूरच्या बाजाराला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. बद्री तेव्हा दोन वर्षांचा होता. त्या गोष्टीला आता पस्तीस वर्षं उलटली, तरी माय, द्वारकाबाई, रोज ठसठशीत कुंकू लावत होती. भावकीनं टोमणे मारले, भटजींनी समजावून पाहिलं, पण म्हातारी कुणाला बधली नाही.

"हारवाल्यात लावशील तर याद राख," ती म्हणाली. "मेल्याचं कुनी पाह्यलं? दाखव मला."

"बरं, मग हयातीत लावतो."

"तिथं लाव म्हनलं का मी?"

शेवटी दोन्हींच्या बरोबर मधोमध जागा ठरली. मापातही ती छान बसली. बद्रीला मनातून बरं वाटलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वडिलांच्या तसबिरीच्या काचेला आतून धुकं धरलं. अगदी खालच्या कडेला, बोटभर. पावसाळ्यात असं व्हायचंच म्हणून बद्री तसबीर घेऊन मजीदभाईकडं गेला. मजीदभाईंनी मागचा पुठ्ठा काढला, काच बदलली, फोटो उन्हात धरला, आणि नाकाशी नेऊन वास घेतला.

"भाऊ, शेवाळाचा वास येतोय हिला. घरात नळ गळतोय का कुठं?"

नळ गळत नव्हता. बाकीच्या बारा तसबिरी खडखडीत कोरड्या होत्या. नवी काच आणून लावली त्याच्या दुसऱ्याच दिवशी धुकं पुन्हा आलं, आणि या वेळी ते दोन बोटं होतं.

दुसऱ्या कुणी देवऋषी गाठला असता. बद्रीनं पट्टी आणली. धुक्याची वरची कड त्यानं निरखून पाहिली तर ती सरळ होती, आखल्यासारखी. त्यानं तसबीर उतरवली आणि टेबलावर उभी धरून कलती केली. चौकट कलली, वडील कलले, ते बसले होते ती खुर्ची कलली. रेघ कलली नाही. ती जमिनीला समांतरच राहिली. तसबीर पुरती उलटी करून बघावी असं त्याच्या मनात आलं, पण वडिलांचं डोकं खाली जाईल हे ध्यानात येताच त्याचा हात थांबला. त्यानं ती मुकाट्यानं खिळ्याला लावली.

मग त्याला छंदच लागला. दर सोमवारी सकाळी काचेच्या कडेला पेन्सिलीची बारीक खूण करायची आणि वहीत तारीख टाकायची. रेघ चढत होती. वडिलांचे बूट गेले, गुडघे गेले, मांडीवरचे हात गेले. मधे दहा दिवस पावसानं ताण दिला तेव्हा ती दोन सूत उतरलीसुद्धा. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर बद्रीला मौज वाटत होती.

मायनं आपला वेगळाच अर्थ लावला होता.

"जित्ता मानूस हाय म्हनून वाफ धरतीय," ती शेजारणीला सांगायची. तिचा चेहरा असा फुललेला बद्रीनं कधी पाहिला नव्हता. तसं असेल तर आपल्या सगळ्यांच्या काचांवर वाफ का नाही, हे त्याच्या जिभेवर यायचं. तो ते गिळून टाकायचा.

ऑगस्टच्या अखेरीस ऑफिसात निरीक्षण विहिरींचे आलेख काढायचं काम आलं. जिल्ह्यातल्या ठरलेल्या विहिरींत दर आठवड्याला पाणी किती चढलं, किती उतरलं, ते रेघेनं दाखवायचं. एक रेघ काढता काढता बद्रीचा हात थबकला. हे वळण त्यानं आधी काढलं होतं. त्यानं पिशवीतून घरची वही काढली, काचेच्या खुणा ट्रेसिंग कागदावर आखल्या, आणि तो कागद आलेखावर ठेवला.

दोन रेघांची एकच रेघ झाली. दहा दिवसांचा तो उतारसुद्धा जुळला.

विहीर फर्दापूरच्या अलीकडची होती. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं : जुनी, वापरात नाही.

त्या दिवशी त्याची मौज संपली. तो घरी आला तर माय स्टुलावर चढून पदरानं काच पुसत होती. रेघ वडिलांच्या हनुवटीला टेकली होती.

"बद्री, पुसलं तरी जाईना रं. त्यांच्या तोंडाशी आलं."

"माय, उतर खाली."

"तोंड बुडालं तर वाफ कशी सोडतील ते?"

त्यानं तिला हाताला धरून खाली उतरवलं. त्या रात्री माय जेवली नाही.

बद्रीनं साहेबांची परवानगी काढली, कारण लिहिलं 'गाळ काढणे', आणि तो पहिल्या एसटीनं निघाला. गावचा कोतवाल सांडू त्याला विहिरीवर घेऊन गेला. काठावर रुईची झुडपं माजली होती. पाणी काळं आणि अगदी स्थिर होतं.

"हितलं पानी कोनी शेंदत नाय साहेब. रझाकाराच्या सालापासून."

"का?"

"बाप म्हनायचा, नको शेंदू. म्या इचारलं नाय."

बद्रीनं भाड्याची दोन डिझेल इंजनं लावली, ती रात्रभर चालली. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला तळ दिसला. सांडू कमरेला दोर बांधून उतरला, फावड्यानं गाळ उपसत राहिला. बद्रीनं प्रत्येक टोपली स्वतः उलटी करून चिवडली.

चिखल. दगड. पाला.

काही नव्हतं.

काठावर बसून बद्री चक्क हसला. केवढा भार उतरला होता! दोन रेघा जुळल्या तर जुळल्या. पावसाच्या रेघा सगळ्या सारख्याच. मायला सांगण्यासारखं काही नाही. तिचं कुंकू तिच्यापाशी राहू दे.

दिवेलागणीला तो घरी पोचला. दुपारच्या पाळीला शिकवणारी आशा शाळेतून अजून यायची होती. माय भिंतीसमोर सतरंजीवर बसली होती. त्यानं आधी तसबीर पाहिली. काच स्वच्छ होती, बुटांपर्यंत.

मग त्यानं मायकडं पाहिलं. तिचं कपाळ मोकळं होतं.

"माय? कुंकू?"

"उद्या हार आन त्यांना. डाव्या अंगाला लाव."

"अगं, पण झालं काय?"

"आले व्हते. दुपारी, साडेबाराच्या सुमाराला." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "दारातच हुबे ऱ्हायले. तुझ्यापरीस लहान दिसत व्हते."

बद्री खाली बसला.

"म्या तांब्या भरून आनला. घरी आल्या मानसाला आधी पानी द्यावं."

"मग?"

"घेतला नाय. 'नको,' म्हनले. 'पानी लई पेलो.'"