दहा मीटर उंचीची चोरी

आमच्या गरगर गावातून दसऱ्याच्या सकाळी दहा मीटर उंची चोरीला गेली.

हसू नका. सोनं चोरीला जातं, आंबे चोरीला जातात. एकदा तर आमच्या वाडीतली विहीर रहाटासकट चोरीला गेली होती. पण ती गोष्ट वेगळी, आणि बहुधा खोटी. ही उंचीची मात्र खरी. माझ्यावर विश्वास नसेल तर कुंदाला विचारा. कुंदा माझी नात. वय अकरा, पण थापा पकडण्यात माझ्या आजीच्या वयाची.

गरगर गाव हे काही गाव नव्हे. ती पाळण्यांची, पाण्याच्या घसरगुंड्यांची मोठी बाग आहे. पूर्वी इथल्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, जांभ्या दगडाची खाण होती. चिरे कापायचं यंत्र मी तिथे तीस वर्षं चालवलं. दगड संपला आणि मागे राहिले नुसते चौकोनी खड्डे. मग कोणा हुशार माणसाने त्यांत पाणी भरलं, कडेवरून घसरगुंड्या सोडल्या, वरून डोंगरगाडीचे रूळ फिरवले आणि मला नोकरी दिली. काम काय? रांगेत ताटकळणाऱ्या मुलांना गोष्टी सांगायच्या. रांग जितकी लांब, तितकी थाप लांब.

आता डोंगरगाडी नीट समजून घ्या, कारण चोरी तिथेच झाली. तिच्या वाटेवर लोखंडी रुळांचे तीन डोंगर आहेत. पहिला चाळीस मीटर उंच, त्याचं नाव आजा. दुसरा तीस मीटरचा, तो बाप. तिसरा पंचवीस मीटरचा, तो नातू. गाडीला साखळीने ओढून आज्याच्या डोक्यावर नेतात आणि सोडून देतात. तिथून पुढे मोटर नाही, इंजिन नाही, काही नाही. गाडी आपली आपण धावते.

रोज सकाळी माणसं बसवण्याआधी गाडीत पाणी भरलेले रबरी बाहुले बसवून एक फेरी मारतात. त्या सकाळीही मारली. गाडी आज्यावरून सुटली. बापाच्या डोक्यावरून जाताना तिचा वेग इतका मंदावला, की एखादं फुलपाखरूही पुढे गेलं असतं. मग ती खाली गेली, नातवावर चढू लागली, चढली, चढली… आणि थांबली. तशीच उलटी घसरली. पाळण्यासारखी पुढेमागे झुलत झुलत शेवटी खोलगट भागात निपचित पडली.

"बावीस मीटर," शंकासुर म्हणाला. "पंचवीसला तीन कमी."

शंकासुर आमचा यंत्रमानव. शिमग्याला कोकणात काळ्या झग्यातला, उंच टोपीचा शंकासुर नाचतो ना, तसाच हा काळा आणि टोपीसारख्या उंच डोक्याचा. फक्त याला पाय नाहीत. डोंगरगाडीच्या काचेच्या खोलीत तो जमिनीला बसवलेला आहे. गाडी सोडायची, थांबवायची आणि सगळी गणितं करायची, हे त्याचं काम.

बागेच्या मुख्य नार्वेकर बाई धावत आल्या. "परवापर्यंत तू सांगत होतास, की नातवापर्यंत पोचताना गाडीच्या अंगात बत्तीस मीटर चढण्याचा जोर उरतो. मग आज बावीस कसा? तुझं गणित बिघडलंय."

"गणित मी सात वेळा तपासलं, बाई. ते बरोबर आहे. मला एक शंका आहे…"

"तुला नेहमीच शंका असते! दोन वाजता चारशे मुलं येतायत. ज्याच्या गणितावर भरवसा नाही, त्याच्या हाती मी मुलं कशी देऊ?" बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांचा आवाज कापत होता. त्यांनी कारखान्याला फोन केला. बारा वाजता विनाचालक गाडी येणार (तिला दसऱ्याची सुट्टी कुठली?), शंकासुराला उचलून नेणार, त्याची सगळी आठवण पुसणार आणि पाटी कोरी करून परत आणणार.

कुंदाचा चेहरा पांढरा पडला. पाण्याच्या सर्वांत उंच घसरगुंडीची तिला पूर्वी भीती वाटायची. तेव्हा याच शंकासुराने खोलीतल्या भोंग्यावरून तिच्यासाठी एक ते तीन आकडे मोजले होते. एकदा नाही, एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी ती घसरली. त्यातलं त्याला काहीच आठवणार नव्हतं.

"बाई, बारापर्यंत मला शोधू द्या," ती म्हणाली.

"काय शोधणार?"

"हरवलेले दहा मीटर."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "दाजी, नातीला सांभाळा. रुळांवर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय जवळ जायचं नाही."

नऊ वाजले होते.

मी लगेच मदतीला धावलो, म्हणजे थाप मारली. "कुंदे, मला ठाऊक आहे काय झालं. नऊ दिवस उपवासाचं खाऊन बाहुले जड झालेत."

"आबा, रबराचे बाहुले साबुदाण्याची खिचडी खातात?"

"परवा एकाला ढेकर देताना मी स्वतः ऐकलं."

तिने मला सोडलं आणि काचेच्या खोलीकडे वळली. "शंकासुर, जड गाडी कमी चढते का रे?"

"चांगली शंका. जड गाडीला चढायला जास्त जोर लागतो. पण ती उंचावर असताना तिच्या अंगात साठलेला जोरही तितकाच जास्त असतो. दोन्ही सारख्या प्रमाणात वाढतात. म्हणून वजनाने फारसा फरक पडत नाही."

"हा साठलेला जोर म्हणजे काय?"

"जा, उपाहारगृहातून एक कढई आण. आणि खिशातली गोटी काढ."

भज्यांची भलीमोठी कढई आम्ही दोघांनी उचलून आणली. कुंदाने कडेपाशी गोटी धरली आणि सोडली. गोटी खाली गेली, समोरच्या बाजूला चढली, परत आली.

"कुठपर्यंत चढली?"

"जवळजवळ… समोरच्या कडेपर्यंत. थोडी कमी."

"पुन्हा सोड. कडेच्या वर जाते का बघ."

तिने दहा वेळा सोडली. गोटी दहाही वेळा कडेच्या थोडी खालीच थांबली.

शंकासुर म्हणाला, "गोटी वर असते तेव्हा तिच्यात स्थितिज ऊर्जा असते (उंचावर नेऊन ठेवल्यामुळे साठलेला जोर). खाली येताना उंची कमी होते, वेग वाढतो. तीच ऊर्जा आता गतिज होते (धावण्यातला जोर). पुन्हा चढताना वेग संपतो, उंची मिळते. उंची देऊन वेग घ्यायचा, वेग देऊन उंची घ्यायची. डोंगरगाडी दुसरं काही करतच नाही."

"म्हणूनच आजा सगळ्यांत उंच!" कुंदा ओरडली. "नातू आज्यापेक्षा उंच असता, तर गाडी कधीच चढली नसती!"

"आमच्या घरात उलटं आहे," मी म्हटलं. "नात आज्याच्या डोक्यावर बसलीय."

"पण आबा, गोटी कडेपर्यंत पूर्ण का पोचली नाही? थोडं कुठे गेलं?"

"ते कढईने गिळलं. कढया गिळतात. आमच्या शेजारची कढई एकदा अख्खा…"

"आबा!"

"तुझी शंका बरोबर आहे," शंकासुर म्हणाला. "रोजच्या फेरीतही आठ मीटर कुठेतरी जातात. चाळीसातले आठ गेले, बत्तीस उरले. आज अठरा गेले. जास्तीचे दहा कुठे गेले, हे मला माझ्या कोनाड्यातून दिसत नाही. शिवाय कालचा दिवस माझ्याकडे कोराच आहे."

"का?"

"काल खंडेनवमी होती. यंत्रांना सुट्टी. मलाही फूल वाहून, कुंकू लावून बंद केलं होतं."

कुंदा नखं खात विचार करू लागली. विचार करायची तिची जागा म्हणजे ती उंच घसरगुंडी. ती तरातरा पायऱ्या चढली आणि वर जाऊन कितीतरी वेळ बसली. इतकी गढून गेली होती, की अजून पाणी सोडलेलं नाही हे विसरली आणि दिलं अंग सोडून.

कर्र… कर्र… चार हात घसरली आणि अडकली.

"आई गं! आबा, चटका बसला!"

मी खालून हसून घेतलं. ती मात्र हसली नाही. मग जिना उतरून धूम ठोकत खोलीपाशी आली. पँटची मागची बाजू दोन्ही हातांनी चोळत होती.

"शंकासुर! पाणी असताना मी सुळ्ळकन जाते. पाणी नव्हतं तर अडकले, आणि चटका बसला. माझी उंची गेली, पण मला वेग मिळाला नाही. त्याऐवजी चटका मिळाला!"

"बोल पुढे," शंकासुराचे डोळे लुकलुकले.

"म्हणजे घासल्यामुळे…"

"घर्षण (दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की होणारा अडथळा)."

"घर्षणामुळे जोर नाहीसा नाही झाला. त्याची उष्णता झाली!" तिने दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा चोळले आणि माझ्या गालांना लावले. खरंच ऊन होते. "आबा, ऊर्जा चोरीला जातच नाही. ती वेष बदलते. दहा मीटर उंची इथेच कुठेतरी गरम होऊन बसलीय!"

पावणेबारा झाले होते. फाटकाबाहेर विनाचालक गाडीचा भोंगा वाजला.

कुंदाने बाईंना हाताला धरून आणलं. आणखी एक फेरी सोडायला लावली. गाडी पुन्हा बावीस मीटरवर हरली, झुलली, थांबली. ती रुळांना कुलूप घालून पक्की केली, तेव्हा बाईंनी मान हलवली आणि कुंदा खाली उतरली. गाडीला सोळा चाकं. ती एकेका चाकाजवळ हाताचा पालथा पंजा नेऊ लागली, हात न लावता, भाकरी भाजली का बघावं तशी.

"कोमट. कोमट. हे कोमट…" पुढच्या जोडीपाशी तिने झटकन हात मागे घेतला. "इथे! आणि आबा, वास बघा. झेंडू भाजल्यासारखा."

मी दोन पावलं मागे सरलो.

बाईंनी विजेरीचा उजेड टाकला. पुढच्या दोन्ही चाकांच्या आसात (ज्या दांड्यावर चाक फिरतं त्यात) काहीतरी काळंपिवळं वितळून, आवळून बसलं होतं. कुंदाने चिमट्याने एक टोक ओढलं. नायलॉनचा दोरा. त्याला चिकटलेली करपलेली पाकळी. आणि टोकाला एक गाठ, दुहेरी, मध्ये वेटोळं घातलेली.

तशी गाठ साऱ्या सड्यावर एकच माणूस मारतो.

कुंदाने गाठीकडे बघितलं. मग माझ्याकडे. चिमट्यातला दोरा तिने माझ्यापुढे धरला. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

फाटक उघडून ती विनाचालक गाडी आत येत होती. माझ्या डोक्यात तीन झकास थापा तयार होत्या. एकीत माकड होतं, एकीत वादळ होतं, तिसरीत तर चक्क परग्रहावरचा माळी होता. तिन्ही गिळल्या.

"बाई," मी म्हटलं, "शंकासुराचं गणित बरोबर आहे. माळ मी बांधली."

"तुम्ही?"

"खाणीत तीस वर्षं नवमीला यंत्राच्या चाकालाच माळ घालत आलो. ते यंत्र मग फुलं सुकेपर्यंत फिरवायचं नाही, अशी आमची रीत होती. काल बागेतल्या सगळ्यांनी गाडीच्या कपाळाला हार घातला. मला वाटलं, धावतं चाक, आणि त्याला काहीच नाही? म्हणून संध्याकाळी हळूच जाऊन पुढच्या दोन चाकांना बांधली. सकाळी सोडायचं विसरलो. पूर्वी माळ सुतळीची असायची, तुटून तरी गेली असती. हा दोरा तुटत नाही मेला."

बाईंनी विजेरी बंद केली. "आणि सकाळपासून बाहुल्यांनी खिचडी खाल्ली म्हणून सांगत होतात?"

"ते मला माळ आठवण्याआधी, बाई. शपथ."

त्यांनी आधी ती विनाचालक गाडी परत पाठवली. मग काचेच्या खोलीपुढे उभ्या राहिल्या. "शंकासुर, मी चुकले. तुझी शंका ऐकून घ्यायला हवी होती."

"माझी शंका अजून पूर्ण झालेली नाही, बाई. चाक साफ करून एक फेरी घ्या."

बाईंनी मिस्त्रींना बोलावून आस साफ केला, चाकं तपासली, वंगण घातलं. "वंगण म्हणजे चाकाची पाण्याची घसरगुंडी," कुंदा मला समजावत होती, जणू मीच अकरा वर्षांचा. बाहुल्यांची फेरी झाली. आजा, बाप, आणि नातवाच्या डोक्यावरून गाडी अशी सुसाट गेली, की कावळे उडाले.

"बत्तीस मीटर," शंकासुर म्हणाला.

कुंदाने खोलीच्या खिडकीतून त्याच्या लोखंडी बोटांत आपट्याची पानं ठेवली. "सोनं घे, सोन्यासारखा राहा."

"हे सोनं नाही. ही पानं आहेत," शंकासुर म्हणाला. मग जरा थांबून, "पण ठेवतो. कुंदा, माझीही एक शंका. फेरी संपताना आपण गाडीला ब्रेक लावतो. तेव्हा तिचा उरलेला सगळा जोर उष्णता होऊन हवेत जातो. रोज, पन्नास वेळा."

कुंदाचे डोळे मोठे झाले. "तो हवेत जाण्याआधी पकडला तर? त्याची वीज करून पुढची गाडी आज्यावर ओढली तर?"

"पूर्ण ओढली जाणार नाही. घर्षण आपला घास घेतंच."

"अर्धा आजा तरी?"

"गणित मांडू या," शंकासुर म्हणाला. दोघांची डोकी काचेच्या अलीकडे-पलीकडे जवळ आली, ती अजून तशीच आहेत. कागदावर कागद चालले आहेत. बाईंनी एक जुना ब्रेक त्यांना खोलायलासुद्धा दिलाय.

मला शिक्षा दोन झाल्या. पहिली, रांगेतल्या मुलांना रोज ही एक खरी गोष्ट सांगायची, माळेसकट. दुसरी कुंदाने दिली: दोन वाजताच्या पहिल्या फेरीत अगदी पुढच्या जागेवर बसायचं, त्या दोन चाकांच्या बरोबर वर. सत्तरी उलटलेला माणूस मी, आयुष्यात डोंगरगाडीत बसलो नव्हतो. भोंग्यावरून शंकासुराने माझ्यासाठी एक, दोन, तीन मोजले. आज्यावरून सुटलो तेव्हा किंचाळलो, बापावर डोळे मिटले, आणि नातवाच्या माथ्यावर पोचताच उघडले.

तिथून मला आफ्रिका दिसली.

ही थाप आहे. पण गाडी नातवावर चढली, हे खरं.