तिसऱ्या ओळीतला आकडा

गुरुवारी दुपारी ऑफिसचा निरोप आला तेव्हा मी एका हाताने भिंगरीला थोपटत होते आणि दुसऱ्या हाताने कुणाच्या तरी मणक्याचा रिपोर्ट टाइप करत होते. सोमवारपासून आपला प्रोग्राम जुन्या सिस्टिमवर चालणार नाही, ज्यांचा संगणक तयार नसेल त्यांचं काम दुसऱ्यांकडे जाईल. खाली मॅडमनी आपल्या मनाने एक ओळ जोडली होती. 'तुझी अडचण कळते गं, पण या वेळी माझ्या हातात नाही.' याआधी दोनदा त्यांच्या हातात होतं, आणि दोन्हीदा त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं.

डॉक्टर बोलतात ते ऐकून टाइप करायचं, एवढंच माझं काम. पण ते घरात बसून होत होतं. भिंगरी साडेसात महिन्यांतच जन्मलेली. पहिले सव्वीस दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि मी काचेच्या बाहेर. त्यानंतर मी ठरवून टाकलं होतं की हिला निदान दोन वर्षांची होईपर्यंत नजरेआड करायचं नाही. आता ती नऊ महिन्यांची होती. हातपाय सतत चालू, झोपेतसुद्धा, म्हणून नाव भिंगरी. हे काम सुटलं तर तिला पाळणाघरात ठेवून बाहेरची नोकरी धरायची, दुसरा रस्ता नव्हता.

आमचा संगणक म्हणजे टेबलाखालचा एक जाडजूड पत्र्याचा डबा. माझ्या नणंदेने जोडून दिलेला. तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात उरलेल्या भागांतून तिने तो उभा केला होता, मदरबोर्ड तर बराच जुना होता. गरोदरपणी मी याच डब्याला पाय टेकून तासन्‌तास टाइप करायचे. भिंगरीचा पाळणाही आता त्याला लागूनच असायचा, कारण आतल्या पंख्याच्या घरघरीने ती पटकन झोपायची. डबा बंद केला की कुरकुर सुरू.

त्याच संध्याकाळी मी नवी सिस्टिम टाकायला घेतली. पहिल्याच पडद्यावर नकार आला. हा संगणक या सिस्टिमला चालणार नाही. नणंदेला फोन लावला.

"चालणार नाही म्हणतोय ना? सगळ्यांनाच म्हणतो. ती तपासणी चुकवता येते. मी पाठवते कसं ते."

"काही बिघडणार नाही ना?"

"वहिनी, तू दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करणारी बाई आहेस. तुझ्या हातून काय बिघडतंय!"

तपासणी चुकवली. सिस्टिम अर्ध्यापर्यंत चढली, डबा आपोआप बंद होऊन चालू झाला आणि काळ्या पडद्यावर अडकला. पुन्हा केलं. पुन्हा तिथेच. शुक्रवारी सकाळी नणंद म्हणाली, "फर्मवेअर जुनं असणार. चालू करताना डिलीटचं बटण दाबून धर आणि आवृत्ती काय आहे ते सांग."

संगणक चालू होताना सिस्टिमच्या आधी बोर्डातला एक छोटा प्रोग्राम जागा होतो. कोणकोणते भाग जोडलेत ते बघतो, सगळे ठीक आहेत अशी खात्री करतो आणि मग बाकीच्यांना हाक मारतो. घरात सगळ्यांच्या आधी उठणाऱ्या बाईसारखं ते काम. त्याला फर्मवेअर म्हणतात. त्याचा निळा पडदा मी पहिल्यांदाच पाहत होते. आवृत्ती शोधता शोधता मी तापमानाच्या पानावर पोचले. तिथे तीन ओळी होत्या. प्रोसेसर, ४१. बोर्ड, ३३. तिसऱ्या ओळीला नाव नव्हतं. फक्त आकडा होता, ३६.९.

वरचे दोन आकडे पूर्ण होते. दशांश फक्त तिसऱ्याला.

मी दिवसभर असे आकडे टाइप करते, म्हणूनच तो डोळ्यांत भरला असेल. नणंदेला विचारलं तर ती हसली.

"रिकामा सेन्सर आहे. बोर्डावर जागा असते, पण तिला काही जोडलेलं नसतं. मग तो हवेतून उचलून मनाला येईल तो आकडा दाखवतो. लक्ष देऊ नकोस."

पटण्यासारखं होतं. मी लक्ष दिलं नाही.

दुपारी भिंगरीला लस होती. चारच्या सुमाराला अंग तापलं. थर्मामीटर काखेत धरला, ३८.४ सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये एकशे एक. औषध दिलं, ओली घडी ठेवली. ती पाळण्यात ग्लानीत पडली तेव्हा मी काम पुढे न्यावं म्हणून पुन्हा निळा पडदा उघडला. प्रोसेसर, ४०. बोर्ड, ३३.

तिसरी ओळ, ३८.४.

मी दोन्ही आकडे कागदावर लिहून घेतले. मग विज्ञानाच्या पदवीधराने करावं तेच केलं. अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं, आधी बाळाचं, मग पडद्यावरचं. ३७.९ आणि ३७.९. तासाभराने ३७.३ आणि ३७.३. तीन वेळा जुळणं म्हणजे पुरावा नव्हे, मी स्वतःला बजावलं. आठवडाभर सलग चार तास झोप न मिळालेल्या बाईचं निरीक्षण तर मुळीच नव्हे. एखाद्या पेशंटने हे डॉक्टरांना सांगितलं असतं तर पुढचा शब्द काय असता, तोही मला टाइप करता आला असता.

नवरा आल्यावर मी त्याला फक्त ताप आल्याचं सांगितलं.

"आता उतरलाय ना?"

"उतरलाय."

"मग तू का अशी दिसतेस?"

"अशीच दिसते मी हल्ली," मी म्हटलं. तो हसला, मीही हसले.

शनिवारी तो कामावर गेला. अकराच्या सुमाराला नणंदेने नव्या फर्मवेअरची फाइल पाठवली. पेन ड्राइव्हवर घ्यायची, निळ्या पडद्यातून निवडायची, हो म्हणायचं. सात-आठ मिनिटांचं काम. जुनं पुसलं जातं, नवं लिहिलं जातं, मग ते स्वतःला तपासून बघतं.

"एकच गोष्ट ध्यानात ठेव वहिनी. एकदा सुरू झालं की मध्ये बंद करायचं नाही. घराला आग लागली तरी आधी ते पूर्ण होऊ दे, मग पळ. मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा मेला समज. मग माझ्याकडेही उपाय नाही, नव्या सिस्टिमला चालेल असा दुसरा बोर्ड सध्या दुकानात नाही."

"आणि झालं तर?"

"तर सोमवारी तुझं काम चालू. मला बाकी काही नको, फक्त भाचीला एकदा निवांत माझ्याकडे पाठव."

ऊन खिडकीतून टेबलापर्यंत आलं होतं. भिंगरी माझ्या मांडीवर होती, ताप नव्हता, माझ्या ओढणीचं टोक तोंडात घालून पाय झाडत होती. मी 'हो' दाबलं. पडद्यावर एक रिकामी पट्टी आली. जुने फर्मवेअर पुसत आहे. कृपया वीज बंद करू नये.

नव्या फाइलसोबत बदलांची यादी आली होती. ती कुणीच वाचत नाही. नणंदही वाचत नसणार. हाताला काही काम नव्हतं, म्हणून मी ती मोबाइलवर उघडली. नव्या सिस्टिमसाठी सुधारणा. सुरू होण्याचा वेग वाढवला. काही मेमरी पट्ट्यांची अडचण दूर केली. शेवटची ओळ होती, 'तिसरे तापमान वाचन यापुढे समर्थित नाही. ते काढून टाकले आहे.'

मी ती ओळ दोनदा वाचली. पट्टी सहा टक्क्यांवर होती.

ओढणीचं टोक भिंगरीच्या तोंडातून सुटलं.

मला वाटलं झोप आली. तशी दिसतही होती, फक्त डोळे उघडे होते. मी तिचा हात उचलून सोडला. तो जिथे सोडला तिथे पडला. पाय थांबले होते. जन्मल्यापासून मी ते पाय थांबलेले पाहिले नव्हते.

"भिंगरे," मी म्हटलं. "ए भिंगरे."

नऊ टक्के.

श्वास होता. मी ओठांशी गाल नेला, श्वास होता, पण लांबून आल्यासारखा, मधे मोठी जागा सोडून. कपाळाला हात लावला. कपाळ ना गरम होतं ना गार. टेबलाला हात लावल्यावर वाटतं तसं वाटलं.

नणंदेला फोन लागला.

"चाललंय का गं?"

"बंद कसं करू?"

"काय? वहिनी, नाही. अजिबात नाही. किती टक्के झालंय?"

"अकरा."

"मग राहू दे ना! काय झालं? बाळ रडतंय का?"

"रडत नाहीये."

"मग काय?"

चौदा टक्के. भिंगरी माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्या नजरेच्या रस्त्यात आलेली एखादी वस्तू होते.

सोमवार मला दिसला. मॅडमची ओळ दिसली. मीच माझ्या डोक्यात बोलले, ताप उतरल्यावर मुलं मलूल होतात, सात मिनिटं थांब, दवाखान्यात जा, शहाण्यासारखी वाग.

सतरा.

श्वासांमधली जागा वाढली.

"वहिनी, हात लावू नकोस," फोनमधून नणंद म्हणत होती. "ऐकतेस ना?"

मी टेबलाखाली वाकले आणि भिंतीतून प्लग उपटला.

घरघर थांबली. पडदा काळा झाला. खोलीत इतकी शांतता झाली की फोनमधला नणंदेचा श्वास मला ऐकू येत होता.

मग माझ्या पोटावर एक लाथ बसली. एक, आणि मग दुसरी. आणि भिंगरी अशी रडली की शेजारच्या बाईंनी भिंतीवर टकटक करून विचारलं, काय झालं म्हणून.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला उलटंपालटं करून तपासलं आणि म्हणाले, पोरगी ठणठणीत आहे, तुम्ही झोप घ्या. नवऱ्याला मी वीज गेली असं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे गं, यंत्रच ते." मी त्याच्यापासून लपवलेली ती पहिली मोठी गोष्ट.

नणंद रविवारी आली. वीज गेली नव्हती हे तिला ठाऊक होतं, पण तिने तो विषय काढला नाही. डब्याचं झाकण उघडलं, आपलं छोटं यंत्र बोर्डावरच्या चिपला लावलं, बराच वेळ बघत राहिली.

"मेला. चिप कोरी आहे. इथे काहीच उरलं नाही." तिने झाकण बसवलं आणि हात तसाच पत्र्यावर ठेवला. "हा उन्हात होता का?"

"नाही."

"मग प्लग लावलाय?"

"कालपासून नाही."

तिने हात काढून घेतला आणि ओढणीला पुसला. जाताना म्हणाली, "मी भंगारात देते हवं तर."

"नको," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं असावं, कारण तिने पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी माझं काम गेलं. आता मी एका दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर बसते. भिंगरी पाळणाघरात जाते, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच आनंदाने. दोन वर्षांची व्हायला आली आहे. पळते, पडते, मलाच दटावते. डबा टेबलाखालीच आहे. त्याला कुठलीही वायर नाही. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मी त्याच्यावर तळहात ठेवते. पत्रा कोमट असतो, झोपलेल्या मुलाच्या पाठीसारखा. हिवाळ्यातही असतो. मी आता थर्मामीटर वापरत नाही. लागत नाही.

परवा मागच्या कोपऱ्यात बोटाएवढी जागा गार लागली. मी भिंगरीला जाऊन पाहिलं. ती छान झोपली होती, एक पाय पांघरुणाबाहेर, तोही हलता. गाल नेहमीसारखे गरम.

आज सकाळी त्या गार जागेत माझा अख्खा तळहात मावला.