पहिल्या चेंडूचे मानकरी

पिचर सरावाला हातावर चढवतात त्या बाहीला हळद-कुंकू लागलं होतं, पुढे नारळ फुटला होता आणि कुणीतरी तिच्यावर झेंडूचं फूलही ठेवलं होतं. वास मात्र लपत नव्हता. अकरा पिचरांचा अकरा हंगामांचा घाम त्या करड्या कापडात मुरला होता. साबणाने आतल्या तारा खराब होतात म्हणून ती धुवायची नाही, असा नियम होता. भरतेश मगदूम रंगाचे डबे घेऊन क्लबच्या व्हरांड्यात शिरला आणि त्या आंबट भपक्याने त्याचं नाक आपोआप मुरडलं. लोक कशाकशाच्या पाया पडतील याला काही धरबंध नाही, असं त्याला दरवर्षीप्रमाणे वाटलं. त्या अकरा जणांच्या आधीचा सगळ्यात जुना घाम आपलाच आहे, हे आठवल्यावर तर तो दोन पावलं मागेच सरला.

तो इथे वर्षातून एकदाच यायचा. इचलकरंजी हे मागांचं गाव, म्हणून बेसबॉलच्या क्लबचं नावही धोटा क्लब. चेंडू मागावरच्या धोट्यासारखा सुटावा, ही त्यामागची हौस. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी हंगाम सुरू होई. त्या सामन्यात सुरुवात करणाऱ्या पिचरचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचं, नाव आदल्या दिवशी सागवानी फळ्यावर रंगवायचं, ही क्लबची रीत होती. फळ्याच्या माथ्यावर लिहिलेलं होतं, ‘पहिल्या चेंडूचे मानकरी’. तळाशी बारीक अक्षरात नियमही होता: दुखापत लपवून चेंडू टाकणाऱ्याचं नाव खरवडून काढलं जाईल.

गावात हाताने बोर्ड रंगवणारा भरतेश एकटाच उरला होता. शिवाय त्या फळ्यावर त्याचं स्वतःचं नाव तीनदा होतं: २०३४, २०३५, २०३६. उजव्या हाताने आता त्याला शर्टाचं वरचं बटणही लावता येत नसे, म्हणून तो डाव्या हाताने रंगवायला शिकला होता. एरवी फळा आतल्या हॉलमध्ये असायचा. भरतेश यायचा, नाव रंगवायचा आणि मैदानाकडे पाठ करून निघून जायचा. हात गेल्यापासूनच्या बारा वर्षांत त्याने एकही सामना बघितला नव्हता.

यंदा हॉलच्या फरशीला पॉलिश चाललं होतं. म्हणून फळा बाहेर व्हरांड्यात टेकवून ठेवला होता आणि समोर पंचवीस पावलांवर पिचरचा सरावाचा उंचवटा होता.

भरतेशने पांढरा रंग ढवळायला घेतला. मागे कॅचरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू आदळल्याचा आवाज आला, पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. आवाज चांगला होता, भरीव होता. न राहवून त्याने मान वळवली.

उंचवट्यावर एक उंच, हडकुळी पोरगी उभी होती. आफरीन मुजावर, वय एकोणीस, उद्याची मानकरी. प्रशिक्षक इंगवले सरांनी पाठवलेल्या चिठ्ठीत हेच नाव होतं. तिने पाय उचलला, हात मागे नेला, आणि चेंडू सुटायच्या आधी तिच्या हनुवटीने डावीकडे एक हिसका घेतला. खांदा नको तितका आधी उघडला. चेंडू सरळ गेला आणि शेवटच्या क्षणी दगडासारखा खाली बसला.

भरतेशच्या हातातली काडी डब्यात पडली. तो हिसका त्याचा होता. त्या चेहऱ्याला, त्या मानेला तो शोभतही नव्हता. आपली बोटचेपी, घामट, घाबरलेली मान कुणीतरी कापून त्या पोरीच्या खांद्यावर शिवली आहे, असं त्याला वाटलं. तिने पुन्हा चेंडू टाकला, पुन्हा तोच हिसका. त्याने व्हरांड्याचा खांब धरला.

बाही काय करते हे त्याला ठाऊक होतं, गावात सगळ्यांनाच होतं. ती मनगटापासून खांद्यापर्यंत चढते आणि तिचा एक पट्टा मानेला वेढतो. कुठला स्नायू कधी, किती जोराने आणि कशाच्या पाठोपाठ आवळला, हे ती टिपून घेते. त्या टिपणाला स्नायुलेख म्हणतात. मग तीच बाही दुसऱ्याने घातली की ती बारीक विजेचे चिमटे काढत त्याचे स्नायू त्याच क्रमाने ओढते. सहा आठवडे रोज तासभर हे केलं की बाही काढली तरी हात विसरत नाही. सामन्यात हात उघडा असतो, त्यामुळे लीगच्या नियमातही ते बसतं. धोटा क्लबने एकच स्नायुलेख जपला होता: २०३६च्या पहिल्या सामन्यातला, भरतेश मगदूमचा. तेव्हा नुसती टिपून घ्यायला म्हणून बाही सामन्यातही चालायची. त्या दिवशी नऊ डावांत समोरच्या एकाही बॅटरला धड फटका मारता आला नव्हता. आपला हात मोडला तरी आपली फेक गावात चालू आहे, याचा भरतेशला इतकी वर्षं अभिमानच होता.

पण तो हिसका फेकीचा भाग नव्हताच, आणि हे जगात फक्त त्याला माहीत होतं. त्या दिवशी सकाळपासून त्याचं कोपर ठणकत होतं. ओळखीच्या कंपाउंडरकडून त्याने बधिर करणारी सुई टोचून घेतली. तिसऱ्या डावात सुईचा असर उतरला. पुढचा प्रत्येक चेंडू टाकताना तो मान झटकून आणि खांदा उघडून दुखणं चुकवत होता. त्या चुकवाचुकवीने चेंडू शेवटी खाली बसू लागला आणि लोक टाळ्या पिटू लागले. चार दिवसांनी कोपरातला अस्थिबंध, हाडांना बांधून ठेवणारा तो दोर, एकट्याने सराव करताना फाटला. नाव खरवडलं जाईल या भीतीने त्याने सगळ्यांना सांगितलं, मोटारसायकलवरून पडलो. म्हणजे फेक उत्तम, हात मात्र अपघातात गेला. क्लबने विश्वास ठेवला आणि तीच फेक जपून ठेवली.

त्याने सावकाश फळ्याकडे बघितलं. संतोष भोरे तीनदा होता. निलेश हजारे चारदा होता. तो स्वतः तीनदा. आणि त्याच्यानंतर, २०३७पासून, अकरा वर्षांत अकरा नावं, प्रत्येक फक्त एकदा. ती सगळी त्याने स्वतःच्या हाताने रंगवली होती. नवं नाव लिहिताना तो मनातल्या मनात नाक उडवायचा, आजकालच्या पोरांत दमच नाही, एका हंगामात गळपटतात. गेल्या आठवड्यात चहाच्या टपरीवर २०४३चा किरण शेडबाळे भेटला होता. ग्लास डाव्या हातात धरून पीत होता. पोरगं डावखुरं असेल, असं भरतेशला वाटलं होतं. डावखुरं! त्याला आता स्वतःचीच शिसारी आली.

तेवढ्यात इंगवले सर बाहेर आले. गेली पंधरा वर्षं तेच क्लबचे प्रशिक्षक होते.

“काय भरतेश, अजून सुरुवात नाही? चहा सांगू?”

“सर, ह्या पोरीला थांबवा. उद्या टाकू देऊ नका.”

त्याने सगळं सांगितलं. सुई, मान, खोटी मोटारसायकल. इंगवले फळ्याकडे बघत ऐकत राहिले.

“म्हणजे पडला नव्हतास,” ते शेवटी म्हणाले.

“न्हाई.”

“बारा वर्षं गप्प बसलास. आता उद्याचा एक दिवस बस.”

“सर, अकरा हात गेलं!”

“मला आकडे सांगू नकोस. त्यातल्या नऊ जणांना मीच दवाखान्यात घेऊन गेलोय.” इंगवल्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “दर वेळी वाटायचं, हे काहीतरी निराळं आहे. मग वाटायचं, पोरांची हाडंच कच्ची. मानलं की झोप लागते रे. आणि ती फेक काढून टाकली तर आपण तळाला जाणार. कोपर कुणाचं गेलं, असं गाव विचारत नाही. जिंकला का, एवढंच विचारतं.”

“तुमाला काय वाटत न्हाई?”

“वाटतं की. म्हणून तर बाहीची पूजा घालतो,” इंगवले म्हणाले, आणि थट्टा केल्याची एकही खूण त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. “दुपारपर्यंत नाव होऊ दे. फोटोवाले येणार आहेत.”

ते आत गेले. भरतेशला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, पण वर थुंकलं की कुणाच्या तोंडावर पडतं हे त्याला कळत होतं. त्याने पिशवीतून जुना रंग खरवडायची लोखंडी पट्टी काढली आणि २०३६च्या ओळीवर धरली. तेवीस वर्षांचा असताना जीव टाकला असता अशी ती अक्षरं होती. आधी शिरोरेघ निघाली, मग ‘भ’, आणि खालचं उघडं, पिवळट लाकूड दिसायला लागलं.

“सर, काय करायलाय तुमी?”

आफरीन पाण्याची बाटली घेऊन पायरीवर उभी होती. ‘मगदूम’मधला ‘म’ अर्धा गेलेला बघून तिचे डोळे मोठे झाले.

“माझं कोपर त्या दिवशी दुखत हुतं,” भरतेश म्हणाला. “मी न्हाई म्हणून सांगितलं. तू मान झटकतीस नव्हं, ते माझं दुखणं हाय. फेक न्हाई ती. ह्या अकरा जणांचं कोपर त्यानंच गेलं. आता तुझं जाईल.”

ती फळ्याजवळ आली. नावांवरून तिने बोट फिरवलं, पण वाचण्यासाठी नाही.

“आठवीत असल्यापासनं हा फळा पाठ हाय मला,” ती म्हणाली. “मलाबी दिसतंय, कुणाचं नाव दुसऱ्यांदा येत न्हाई. माझं एकदा तरी लागू दे.”

“एकदाच लागंल, पोरी.”

“एकदा लई झालं.”

एकोणिसाव्या वर्षी एकदा लई झालं! असली भूक एखाद्या पोरीला लावणाऱ्या क्लबची, गावाची आणि स्वतःची त्याला इतकी किळस आली की त्याचा आवाज चिरका झाला. “खरं सांग. आत्ता दुखतंय का? दुखत असंल तर एक शब्द बोल. फळ्याखालीच लिवलंय, सरांनाबी तुला उतरवता येणार न्हाई. पुढल्या वर्षी तुझी तू शिकलेली फेक टाक, मी शिकवतो, माझी सुई टोचायच्या आधीची. नाव तवा लिहू. दोनदा लिहू, चारदा लिहू.”

तिच्या चेहऱ्यावर क्षणभर एक लहान मूल येऊन गेल्यासारखं वाटलं. भरतेशने डाव्या हाताने तिचा उजवा हात धरला आणि कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे बारा वर्षांपूर्वी त्याला ठणकत होतं नेमकं तिथे, अंगठा दाबला.

“दुखतंय?”

बाही पलीकडे झेंडूखाली पडली होती. आफरीनच्या हातात चेंडू नव्हता. तिची हनुवटी मात्र डावीकडे झटकली गेली.

“न्हाई,” ती म्हणाली.

अगदी तसंच, तेवढ्याच घाईने, डोळ्याला डोळा न देता त्याने ते एकदा म्हटलं होतं. भरतेशचा अंगठा तिच्या कोपरावर तसाच राहिला. डब्यातल्या पांढऱ्या रंगावर साय धरायला लागली होती, आणि त्याला काही केल्या कळेना की हे ‘न्हाई’ त्या पोरीचं होतं, की सहा आठवडे बाहीने तिच्याकडून घोकून घेतलेलं त्याचं स्वतःचं?