मशीनमधली ताई

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर द्या सोडून. मला कुणाची मनधरणी करायची नाही. घडलंय ते सांगते.

मंगळवारची भर दुपार. हॉस्पिटलच्या तळघरातली सीटी स्कॅनची खोली. मशीन चालवणारी मी, आणि मशीनमध्ये माझा सख्खा दादा.

शिडीवरून पडल्यापासून त्याच्या बरगडीखाली गाठ वाढत होती. रिपोर्ट लिहिणारे आमचे डॉक्टर म्हणाले, "रक्त साकळलंय, जिरेल. साधा स्कॅन कर, औषध टोचू नकोस."

अगदी हेच ते ताईला म्हणाले होते!

ताई नात्याची नव्हे; माझ्याआधी हे मशीन चालवायची, सगळे तिला ताईच म्हणायचे. तिचंही म्हणे रक्तच साकळलं होतं... निघाला कॅन्सर. दुर्मिळ, फसवा. कळलं तेव्हा सगळ्यांनी हात टेकले. पेशंटना श्वास रोखायला सांगणारा मशीनमधला आवाज तिचाच होता. ती गेल्यावर तो पुसून माझा भरला.

मी बटण दाबलं.

"श्वास घ्या..."

माझा आवाज नव्हता.

"रोखून धरा..."

ताई! चिडलेली ताई.

पुढे "सोडा" यायला हवं होतं.

आलंच नाही...

काचेपलीकडे दादाची छाती थांबलेली. "दादा, सोड!" मी माइकवर किंचाळले. तो हलेना. ओठ काळेनिळे पडायला लागले.

आणि पडद्यावर ती गाठ उजळली...

औषध टोचलं की जिवंत गाठ ते शोषून घेते, चकाकते. साकळलेलं रक्त तसंच काळपट राहतं. पण औषध मी टोचलंच नव्हतं हो! सीलबंद बाटली ट्रेमध्ये पडलेली.

डॉक्टर माझ्या मागेच उभे होते. त्यांची बोबडी वळली.

"कॅन्सर... तिचा होता तोच," ते कसंबसं बोलले.

"सोडा," ताई म्हणाली.

दादाने श्वास सोडला.

गाठीचा तुकडा तपासला. तोच कॅन्सर. ऑपरेशन झालं, दादा घरी आला. वहिनी म्हणते, "तुमच्या ताईचे उपकार."

डोंबलाचे उपकार!

दुपारी दादा जरा आडवा झाला, की मधेच त्याचा श्वास थांबतो. वहिनी गदागदा हलवते, मी "सोड, सोड" म्हणून ओरडते. आमचं तो ऐकतच नाही. डोळे मिटून, कान देऊन पडलेला असतो...

ताई, तुझा राग डॉक्टरांवर ना? मग त्यांना धर की! माझा दादा कशाला?

मग कधीतरी तो श्वास सोडतो.

आजवर तरी सोडलाय.