खुर्ची रिकामी असताना

त्या कॉम्प्युटरला घरातल्या सगळ्यांनी केव्हाच म्हाताऱ्यांत जमा केलं होतं. सुरू होताना तो घसा खाकरायचा, मॉनिटरचं कुबड मागच्या भिंतीला टेकायचं आणि दुपारपर्यंत त्याची पाठ इतकी तापायची की हात ठेववत नसे. पण घरातल्या बाईचं त्याच्यावाचून पान हलत नव्हतं. एका कापड गिरणीसाठी ती घरबसल्या नक्षी काढायची. ज्या प्रोग्रॅमवर ती हे काम शिकली, तो नव्या मशीनवर चालायलाच तयार नव्हता. स्क्रीनवर बारीक चौकटींची जाळी. एक चौकट म्हणजे एक धागा. चौकटी भरत भरत वेल वर चढवायची, तिला पानं फोडायची. दिवसभर मान मोडून काम केलं की वीतभर कापड सजायचं.

पण ती जाळी सतत उभी राहून राहून काचेवर तिचा डाग पडायला लागला, तेव्हा तिने दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

"वहिनी, काच भाजतेय," तो म्हणाला. "साधासा स्क्रीन सेव्हर टाकून देतो. तुम्ही उठून गेलात की थोड्या वेळाने स्क्रीन काळी होईल आणि एक पांढरा ठिपका फिरत राहील. परत आलात की माऊसला नुसता हात लावा."

"मी उठून गेले हे त्याला कसं कळणार?"

"कळतंय कुठलं! कुणी हात लावत नाही म्हणजे कुणी नाही. एवढीच त्याची अक्कल."

मुलीला, म्हणजे चिमणीला, तो ठिपका फार आवडला. शाळेतून आली की दप्तर खांद्यावरच ठेवून ती तो कोणत्या कोपऱ्यात शिरतोय ते बघत उभी राहायची.

काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी आई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली, तिथे शेजारणीशी गप्पा रंगल्या, आणि खाली येऊन बघते तर जाळी लख्ख उघडी. ठिपक्याचा पत्ता नाही.

पंख्याच्या वाऱ्याने टेबल हलत असेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी पंखा बंद करून गेली. तेच. नवऱ्याने टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. तो बस डेपोत मेकॅनिक, हलणारी प्रत्येक गोष्ट पुठ्ठ्याने थांबते यावर त्याचा विश्वास. तरीही तेच. शेवटी ती माऊस पालथा घालून बाहेर गेली.

आल्यावर जाळी तशीच उजळलेली होती. माऊस सरळ होता.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं की वाक्यच वेड्यासारखं वाटायचं.

त्यानंतर उलटं सुरू झालं. भर दुपारी ती एका पानाची कड भरत असताना स्क्रीन काळी झाली आणि ठिपका आला. तिचा हात माऊसवरच होता. तिने माऊस हलवला, आपटला. कीबोर्डवर दोन्ही हातांनी बडवलं. ठिपका आपला संथपणे या कडेकडून त्या कडेला चालला होता. घरात कुणी नसल्यासारखा.

चिमणी शाळेतून आली, तिने बोट टेकवलं आणि जाळी चटकन समोर.

"आई, तुला येत नाही?" ती हसली.

दुरुस्तीवाला पुन्हा आला. त्याच्या हाताखाली सगळं मुकाट चालत होतं. "तुमच्यावर रुसलाय," तो म्हणाला. तिला हसू आलं नाही हे बघून त्याने तो स्क्रीन सेव्हर काढूनच टाकला. "घ्या. आता मुळातच राहिला नाही."

दुसऱ्या दिवशी ती खुर्चीत बसली न बसली तोच स्क्रीन काळी झाली. ठिपका कोपऱ्यातून बाहेर आला.

मग तिने काम करायची वेगळीच रीत काढली. चिमणीकडून जाळी उघडून घ्यायची आणि श्वास रोखून जितक्या चौकटी भरता येतील तितक्या भरायच्या. झालेलं काम रोज रात्री कॉम्प्युटरवरून आपोआप गिरणीत जायचं, पण ते कासवाच्या गतीने पुढे सरकायचं. म्हणून गिरणीतून विणाई खात्याच्या मास्तरांचा फोन आला तेव्हा तिने तो भीतभीतच उचलला. आता हे तक्रार करणार.

"ताई, कमाल केलीत," मास्तर म्हणाले. "वेल नेहमी डावीकडे झुकवता, या वेळी उजवीकडे घेतलीत. काय वळण आहे! असंच चालू द्या."

"हो, हो," एवढंच तिच्या तोंडून बाहेर पडलं.

तिने चिमणीला बोट लावायला सांगून नक्षी उघडली. खालचा भाग तिचा होता. वरचा नव्हता. वेल एका ठिकाणी किंचित थबकून उजवीकडे वळली होती, आणि पुढे अशी सहज चढत गेली होती की बघत राहावं. आपल्याला हे कधीच साधलं नसतं, असं तिच्या मनात आलं. भीती वाटायच्या आधी तिला हेच लागलं.

"चिमणे, तू काढलंस हे?"

"मी कशाला? तूच तर काढत होतीस. काल मी शाळेतून आले तेव्हा." चिमणी बुटाची नाडी सोडत होती. "मी हाक मारली तर वळलीसुद्धा नाहीस. नुसता हात वर केलास, थांब म्हणून."

काल त्या वेळी ती बाजारात होती. चिमणीसाठी किल्ली शेजारी ठेवून गेली होती.

त्या रविवारी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. माऊस पालथा घातला तिथपासून. चिमणीला शेजारी खेळायला पाठवून दोघं त्या खोलीत गेले. बाहेर टळटळीत ऊन होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं.

आधी तो खुर्चीत बसला. माऊस हलवला. जाळी आली.

"ठीक चाललंय की."

"आता मी बसते."

ती बसली. स्क्रीन काळी झाली. तिने माऊस हलवला, कळा दाबल्या. ठिपका फिरत राहिला. नवऱ्याने वाकून टेबलाखालच्या वायरी तपासल्या, तिचा हात हातात घेऊन तळवा उलटसुलट बघितला, जणू दोष तिथे सापडणार होता.

"पुन्हा दाब."

तिने दाबलं.

"जोरात."

"अहो, दाबतेय ना."

त्याने हात मागे घेतला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तू उठ बरं तिथून."

ती उठली.

स्क्रीन उजळली.

दोघंही टेबलापासून हातभर दूर उभे होते. जाळीवरचा बाण हलला. घाई नव्हती त्याला. वेलीच्या शेंड्यापाशी गेला, तिथे थांबला आणि एक चौकट भरली. मग तिच्या शेजारची.

रेक्झिनची खुर्ची किंचित करकरली. कुणी पुढे सरकून बसावं तशी.

नवऱ्याने भिंतीतला प्लग उपटला.

संध्याकाळच्या आत कॉम्प्युटर आणि ती खुर्ची दोन्ही घराबाहेर गेली. दुरुस्तीवाल्याने ती उचलून नेताना का म्हणून विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मास्तरांशी बोलून तिने गिरणीतच जागा मागून घेतली. आता ती चारचौघांमध्ये बसायची, नव्या मशीनवर नवा प्रोग्रॅम शिकायची. हात लावला की तिथलं सगळं निमूटपणे ऐकायचं. तिची वेल पुन्हा डावीकडे झुकायला लागली. मास्तर एकदा जरा हिरमुसून म्हणाले, "ते उजवं वळण सोडलंत वाटतं?" तिने मान हलवली. तिला बरं वाटत होतं. झोप लागत होती. नवराही पुन्हा मोठ्याने शीळ घालत दाढी करायला लागला होता.

एकदा तिघं जेवायला बसले होते. दिवस अजून पुरता मावळला नव्हता. चिमणी शाळेतली काहीतरी लांबलचक गंमत सांगत होती, बाईंचा चष्मा मांजराने कसा पळवला त्याची. ऐकता ऐकता आईला ठसका लागला. ती उठली आणि स्वयंपाकघरात पाणी आणायला गेली.

नळ सोडला तरी चिमणीचा आवाज येत होता. आई उठून गेली म्हणून गोष्ट थांबली नव्हती. चिमणी जरा गप्प व्हायची, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी, आणि मग खुदकन हसून पुढे सांगायची.

ती भांडं घेऊन दारात आली.

चिमणीने मान वर केली. आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या खुर्चीकडे. क्षणभर विचार केला आणि समजूतदारपणे स्वतःच्याच खुर्चीत बाजूला सरकली.

"ये आई, तू माझ्याजवळ बस."

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो वर बघत नव्हता. जेवण तसंच टाकून तो उठला, तिच्या खुर्चीला अंग लागू नये म्हणून भिंतीला घासून भांड्यांच्या फळीपाशी गेला आणि आणखी एक ताट काढलं.