ओ आल्याबिगर

तुम्ही हसणार, मला ठाऊक आहे. मीही हसलो होतो, तिथंच तर सगळं बिनसलं.

जानेवारीतला शनिवार. मी आणि बायको, समृद्धी, गाडी घेऊन पुण्याहून जुन्नरला गेलो. सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्रीच्या पायऱ्या. माझे गुडघे पार कामातून गेले, तेव्हा बाईसाहेबांना पक्षी आठवले. तिला पक्ष्यांचं भारी वेड. गळ्यात दुर्बीण, हातात फोन, आणि दिसेल तो पक्षी फोनमध्ये बोलून नोंदवायचा. माझं काम गाडी चालवायचं आणि नावं चुकवायचं. बगळ्याला करकोचा म्हटलं की ती खवळलीच. बारा वर्षांत एकदाही सोडलं नाही तिनं मला.

पिंपरी पेंढारजवळ उसाच्या पलीकडे एक पाझर तलाव आहे, तिथं चक्रवाक उतरलेत, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पाच वाजता पोचलो. बांधावर एक म्हातारी गवताचा भारा बांधत होती. गळ्यात खिळ्यांचा पट्टा. बिबट्या मानेलाच धरतो, म्हणून तिकडं बायका शेतात असा पट्टा घालतात. ठकूबाई तिचं नाव.

"पाण्यावर जावा की पावणं," ती म्हणाली. "पर निघताना येकमेकाला नावानं हाक मारा. ओ आल्याबिगर गाडी हलवू नका. आमी बी रोज तसंच करतो."

"बिबट्यासाठी ना?"

"आदी बिबट्यापायीच व्हतं..." तिनं उसाकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "आता न्हाई. माणूस गाडीत यिऊन बसतं. पर ओ देत न्हाई."

मला त्या म्हातारीचाच संशय आला. पाहुणे दिसले की घाबरवायचे, दुसरं काय! "बरं बरं, आजी," म्हणालो आणि समृद्धीला डोळा मारला. ती हसली नाही.

"सुदर्शन, हाक मार हं निघताना," एवढं बोलून ती पाण्याकडं उतरली. मी गाडीतच बसून राहिलो.

खालून तिचा आवाज येत होता. "चक्रवाक, अकरा... शेकाट्या, चार..." मग येईनासा झाला. वारा अजिबात नव्हता, तरी ऊस सळसळत होता. कुजक्या पाचटाचा वास काच लावली तरी आत येत होता. उजेड उतरायला लागला. एवढा वेळ काय करतेय ही बया, म्हणून मी वैतागलो आणि हॉर्न वाजवला. हाक नाही मारली. हॉर्न वाजवला.

मागचं दार उघडलं, लागलं. आरशात बघितलं तर समृद्धी.

"पुढं नाही बसायचं?"

"नको."

मी गाडी काढली. बांधावर ठकूबाई दोन्ही हात वर करून हलवत होती. निरोप देतेय असं वाटलं मला.

नारायणगावच्या अलीकडे रस्त्याकडेच्या शेतात एक गायबगळा उभा होता. मी मुद्दाम म्हणालो, "तो बघ, करकोचा."

"हो," ती म्हणाली. "छान आहे."

मी गाडी हळू केली. मागं वळून बघितलं. तीच होती. हनुवटीवरचा तीळ तोच, दुर्बीण तीच. दमली असेल बिचारी, असं मनाला समजावलं. पण घर येईपर्यंत मी सारखा आरशात बघत होतो. आणि दर वेळी तीही माझ्याकडंच बघत होती.

रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात चहा करत होती. तिचा फोन टेबलावर होता. त्यात कालचं एक रेकॉर्डिंग होतं, पन्नास मिनिटांचं. मी लावलं. चक्रवाक अकरा, शेकाट्या चार. मग माझा हॉर्न.

"आले रे!" चिखलातून भराभर पावलं. तेवढ्यात लांब कुठंतरी गाडीचं दार लागल्याचा आवाज. इंजिन सुरू झालं. "सुदर्शन? अरे थांब! मी इकडं आहे... सुदर्शन!" इंजिनाचा आवाज लांब लांब जात संपला. त्यानंतर नुसतं पाणी, आणि तिचं रडणं.

अहो, फोन तर गाडीतून घरी आला होता. माझ्या हातात होता. मग हे सगळं त्यात आलं कुठून?

माझा फार जीव आहे हो तिच्यावर. बारा वर्षांत कधी तोंडानं बोललो नाही. काल मारायची हाक मी तेव्हा मारली, घसा फुटेस्तोवर.

"समृद्धी!"

स्वयंपाकघरात चमचा वाजत होता, तो थांबला. ओ कुणी दिली नाही.

फोनमधलं रडणंही थांबलं. श्वास ऐकू आला... आणि मग, "ओ! सुदर्शन... ओ..."

मी मान वर केली. ती दारात उभी होती, हातात दोन कप घेऊन.

"बंद कर ते," ती म्हणाली. "चहा निवतोय."