चौदा, खलास

दुपारी दोनला सगळे पार्किंगमध्ये जमले. जानेवारीतला शनिवार होता, ऊन अंगाला बरं वाटत होतं. सुरेशकाकांनी गाडीच्या बॉनेटवर थर्मास ठेवला होता आणि छायाकाकू एकेकाच्या हातात चहाचा कागदी कप देत होत्या. दुबई-अबुधाबीतल्या मराठी माणसांचा हा डोंगर हिंडणारा ग्रुप. थंडीत एक शनिवार आड कुठल्यातरी वादीत जायचा. वादी म्हणजे तिकडची नदी. एरवी नुसते गोटे, आणि वर डोंगरात कुठे पाऊस पडला की तासाभरात पाणी. या वादीला वरच्या अंगाला धरण आहे. त्याचं नाव सांगत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना कळेल, बाकीच्यांना तिकडे जायचं काही कारण नाही.

लेस्टर इसाबेलच्या पांढऱ्या गाडीतून उतरला आणि बोलणं थांबलं. सहा आठवड्यांपूर्वी इथूनच चौदाजण वर गेले होते आणि तेराच परत आले होते. राहिलेला एक म्हणजे रॉयस्टन. लेस्टरचा मोठा भाऊ, इसाबेलचा नवरा. पोलिसांनी नऊ दिवस शोधलं, कुत्री आणली, वरून हेलिकॉप्टर फिरवलं. त्याची चप्पलसुद्धा सापडली नाही.

वसईला आईने मिस्सा होऊ दिली नव्हती. फादर दोनदा घरी येऊन बसून गेले. ‘आधी माझा पोरगा दाखवा, मग त्याच्यासाठी प्रार्थना करा,’ ती म्हणायची, आणि रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढायची. फोनवर लेस्टरला एकच विचारायची, ‘तू होतास ना रे त्याच्याबरोबर?’

तो होता. आज तो दादाला शोधून खाली न्यायला आला होता. जिवंत नाही हे त्याला कळत होतं. पण हाडं तरी आईच्या पुढ्यात ठेवायची होती. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, इसाबेलवहिनीलाही नाही.

“यल्ला, मंडळी, नंबर घ्या,” सुरेशकाका म्हणाले.

या ग्रुपची एक पद्धत होती. निघताना प्रत्येकाला आकडा मिळायचा. वाटेत वळण आलं, चढ संपला, की सुरेशकाका पुढून ‘गिनती’ म्हणून हाक द्यायचे आणि रांगेतून आकडे मागे मागे जायचे. सगळ्यात शेवटी चालणारा आपला आकडा सांगून ‘खलास’ म्हणायचा. ते ऐकलं की रांग पुढे निघायची. मागे वळून बघायची गरज नाही, वेळ जात नाही, सगळं कानांवर. शेवटचा नेहमी रॉयस्टन असायचा, कारण तो कोणाला मागे पडू देत नसे.

“मी शेवटी चालणार,” लेस्टर म्हणाला.

“तू माझ्याबरोबर पुढे राहा, बाळा.”

“मी शेवटीच चालणार, काका.”

सुरेशकाकांनी इसाबेलकडे पाहिलं. ती म्हणाली, “असू दे. बारा नंबर मी घेते. मी त्याच्या पुढेच असेन.”

गिनती झाली. सुरेशकाकांच्या मुलीने, ईशानीने, “सेव्हन” म्हटलं. काका म्हणाले, “मराठीत.” ती म्हणाली, “बाबा, सेव्हन इज सेव्हन.” ग्रुपमधला पर्सी म्हणाला, “राहू दे हो, तिचे सात आणि तुमचे सात एकच भरतात.” कोणीतरी हसलं. रांगेच्या शेवटून लेस्टर म्हणाला, “तेरा, खलास.”

चढ तासाभराचा, पण वळणावळणाचा होता; वरून पाहिलं तर पार्किंग पायथ्याशीच दिसायचं. दोन्ही बाजूंना तपकिरी, झाडाचं नाव नसलेले डोंगर. बुटाखाली खडी करकरायची, लांब कुठेतरी बकऱ्यांच्या पायांनी दगड सुटून घरंगळायचे. मग खजुरांची झाडं मागे टाकून धरणाच्या भिंतीपाशी खिंड ओलांडली की एकदम खाली पाणी. हिरवं, जाड, न हलणारं. त्याला वास होता. उन्हाने तापलेल्या शेवाळाचा, आणि त्याखाली आणखी कशाचा तरी. पाण्याच्या कडेने वाट जाते, टोकाला एक बोराचं झाड आहे, तिथे बसायचं आणि त्याच वाटेने परत फिरायचं.

बोराखाली छायाकाकूंनी डबे उघडले. लेस्टरने घास घेतला नाही. सुरेशकाका त्याच्या बाजूला येऊन बसले.

“खा रे थोडं. तुझा दादा इथे चार-चार पोळ्या खायचा.”

लेस्टरला धीर धरता येत नसे, कधीच नाही. दहावीच्या परीक्षेतून तो असाच उठून आला होता. दुबईतल्या रास अल खोरच्या गोदामातली नोकरी दादाने लावून दिली म्हणून टिकली होती. तो एकदम बोलून गेला.

“काका, त्या दिवशी धरणावरची गिनती मी दिली.”

“म्हणजे?”

“परत फिरल्यावर. माझी टोपी इथे राहिली होती, बोराखाली. पन्नास दिरहमची, बाराशे रुपयांची. मी कटकट केली म्हणून दादा मागे फिरला. मला म्हणाला, तू चाल. मग तुम्ही गिनती मागितली. दादा रांगेत नाही म्हटलं असतं तर तुम्ही सगळ्यांना उन्हात उभं केलं असतं, मला ओरडला असतात... मला त्याचा आवाज काढता येतो. लहानपणापासून. मी म्हटलं, चौदा, खलास.”

सुरेशकाकांनी हातातली पोळी परत डब्यात ठेवली. “पोलिसांना का नाही सांगितलंस?”

“खजुरांपाशी तुम्ही परत गिनती घेतली ना? तेव्हा माझ्या मागून दादाचा आवाज आला. मी नव्हतो तो, आईशप्पथ. मला वाटलं, आला, गाठलं त्याने. मी वळून नाही पाहिलं. म्हणून मी पोलिसांना म्हटलं, खजुरांपर्यंत होता.”

“सगळ्यांनीच तसं सांगितलं,” सुरेशकाका हळू म्हणाले. “म्हणून तर त्यांनी खजुरांपासून खाली शोधलं. धरणाकडे कोणी आलंच नाही.”

“मला माहीत आहे.”

“पण लेस्टर, नुसता आवाजच नाही. मी वळून पाहिलं होतं. खजुरांच्या सावलीत, रांगेच्या शेवटी उभा होता तो. मी हात केला.”

“तोंड दिसलं?”

सुरेशकाकांनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना. “ऊन डोळ्यांवर होतं,” ते म्हणाले. मग म्हणाले, “उद्या आपण दोघं पोलीस स्टेशनला जाऊ. आज नाही. आज इसाबेलला काही बोलू नकोस.”

परत फिरले तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. आभाळात उजेड होता, पण पाण्यावर सावली पसरली होती आणि गारठा वर येत होता. उद्यापर्यंत थांबणं लेस्टरच्याने होणार नव्हतं. वाटेच्या वर बकऱ्यांची एक पायवाट कड्याच्या अंगाने जात होती. दादाला टोपी घेऊन रांग गाठायची असेल, तर तो जवळचा रस्ता म्हणून इथूनच आला असेल. लेस्टरच्या मनाने हे घेतलं आणि पाय निघाले. पुढे वहिनीची पाठ दिसत होती. तिला हाक मारावी असं त्याला वाटलंही, पण ती अडवेल म्हणून तो गप्पच वर चढला.

दोनशे पावलांवर पायाखालची शिळा सरकली.

तो दोन पुरुष उंचीइतका खाली आपटला, एका अरुंद कपारीवर. उजवा पाय घोट्यातून वाकडा झाला होता. डोक्यावर गुळगुळीत कडा, खाली सरळ पाणी. फोनला रेंज नव्हती. कळ ओसरल्यावर त्याने आजूबाजूला पाहिलं.

कपारीच्या आतल्या बाजूला, दगडाखाली दाबून, त्याची टोपी ठेवलेली होती. वाऱ्याने उडू नये म्हणून कोणीतरी नीट घडी करून. शेजारी पाण्याची रिकामी बाटली. आणि धुळीत टाचांच्या खुणा, बसून बसून खोल झालेल्या, जसं कोणी एक दिवस नाही, खूप दिवस तिथे बसलं होतं.

दादा इथे होता. पोलीस खाली कुत्री घेऊन फिरत होते तेव्हा तो इथे होता. आता नव्हता, खाली फक्त पाणी होतं.

लेस्टर टोपी छातीशी धरून रडला. मग त्याला खालून आवाज ऐकू आला.

“गिनती.”

कपारीवरून डोंगराच्या खाचेतून खालची वाट दिसत होती. रांग धरणाच्या भिंतीपाशी पोचली होती. त्या शांततेत एकेक आकडा स्वच्छ वर येत होता. एक, सुरेशकाका. दोन, छायाकाकू. पर्सीचा पाच. ईशानीने या वेळी “सात” म्हटलं.

लेस्टरने डोळे पुसले. आता बरं होईल. आकडे त्याच्यापर्यंत येतील आणि थांबतील. मग सगळे मागे वळतील. त्याने छातीत हवा भरून घेतली.

“बारा,” इसाबेल म्हणाली.

लेस्टरने तोंड उघडलं. घशातून नुसती हवा बाहेर पडली. त्याने पुन्हा ओरडून पाहिलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, ओठ हलले, पण आवाज नव्हता. जणू तो आधीच कुठेतरी वापरून झाला होता.

“तेरा,” खालून कोणीतरी म्हणालं. “खलास.”

तो त्याचा आवाज होता. लेस्टरचा. जरा घोगरा, वसईकडचा हेल असलेला, मघाशी पार्किंगमध्ये निघाला होता तसाच. अगदी वहिनीच्या पाठीमागून.

“चला,” सुरेशकाका म्हणाले.

त्याने दगड फेकले. ते पाण्यात पडले आणि पाण्याने त्यांचाही आवाज होऊ दिला नाही. फोनचा दिवा लावून त्याने हलवला. वर कोणी पाहिलं नाही. बघायची गरजच नव्हती, गिनती भरली होती. दादानेही असंच केलं असेल. दादानेही इथून आपलाच आवाज ऐकला असेल, खाली जाताना. पहिल्यांदा तो लेस्टरने दिला होता. पुढे त्या आवाजाला देणारा कोणी लागला नाही.

रांग खजुरांकडे उतरू लागली. मावळत्या उजेडात पाठी मोजता येत होत्या. त्याने मोजल्या. तो इथे आहे म्हणजे बारा हव्यात. तेरा होत्या. त्याने पुन्हा मोजल्या, बोट रोखून, एकेक. शेवटचा माणूस वहिनीपासून दोन पावलांवर चालत होता. वाट अवघड आली तिथे तिने न बघता मागे हात केला, आणि तो हात कोणीतरी धरला.

अंधार पडला तेव्हा खाली पार्किंगमध्ये गाड्यांचे दिवे लागले. दारं उघडली, लागली. एकेक गाडी वळून रस्त्याला लागली. सुरेशकाका सगळ्यात शेवटी निघायचे, सगळे गेल्याची खात्री करून. आजही ते उभे होते. त्यांनी पांढऱ्या गाडीकडे बघून हात हलवला, आणि गिनती भरली होती म्हणून तेही निघाले.

पांढऱ्या गाडीत आतला दिवा लागला. इसाबेल स्टिअरिंगमागे बसली होती. वाकून तिने शेजारचं दार आतून उघडलं. कोणीतरी आत बसलं. मग तिने हात लांब करून त्याच्या गालाला लावला, क्षणभर तसाच ठेवला, आणि ती एकाएकी मागे सरकली.

दिवा विझला. गाडी बराच वेळ जागेवरच होती. मग ती सावकाश वळली आणि रस्त्याकडे न जाता, दिवे न लावता, गोट्यांवरून वादीत वर, धरणाच्या दिशेने येऊ लागली.